परमिट रूममध्ये बसायचं कसं (ठाणे-ऐरोली साइडच्या नवख्यांसाठी)

आपल्यात 'बसूया का' म्हटलं की कुठे, कशावर असं कोणी विचारत नाही, कोण कोण आहे आणि उद्या सुट्टी आहे का एवढंच विचारतात. तर आमच्या ऑफिसात एक नवीन पोरगा आलाय, नांदेडचा, ऐरोलीला पीजीत राहतो, तो परवा म्हणाला दादा एकटाच बसलो होतो, दोन बिअर आणि एक चिकन चिली, बिल बाराशेच्या वर, तुमच्याकडे असंच असतं का. असं नसतं रे बाबा. तू एसीत बसलास, पाण्याच्या दोन बाटल्या फोडल्यास, न मागता आलेलं मसाला पापड खाल्लंस आणि बिल न बघता स्कॅन केलंस. त्याला जे सांगितलं तेच इथे टाइप करतोय.

पब, ब्रूअरी, रूफटॉप हे माझं खातं नाही, ते रील्सवर बघा. मी बोलतोय ते स्टेशनपासून पाच मिनिटांवर, काळ्या काचेचा दरवाजा, आत ट्यूबलाइट नाहीतर एकदम अंधार, गल्ल्यावर गणपती आणि त्याच्यासमोर बसलेले अण्णा, अशा नाक्यावरच्या बारबद्दल. नौपाड्यात आहेत, वागळे इस्टेटला तर शिफ्ट सुटल्यावर बसायला जागा नसते, कोपरी, कळवा, घणसोली, कोपरखैरणे, सगळीकडे आहेत.

पहिलं म्हणजे बोर्ड वाचा. 'परमिट रूम' हे नाव उगाच नाहीये, १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलंय, तो कायदा अजून चालू आहे आणि त्याच्याप्रमाणे आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी दारूसाठी ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १०००. बारवाले रोजचे परवाने वहीत फाडत असतात, आपल्याला कळतही नाही, पण एकदा हजार भरून आजीवन काढून टाका, घरी बाटली ठेवायची असली तरी उपयोगी. वय पण लक्षात ठेवा, बिअर-वाइनला २१ पूर्ण, व्हिस्की-रमला २५ पूर्ण. तेविशीतल्या पोरांना हे ऐकून धक्का बसतो. दाढी आहे म्हणून कोणी विचारत नाही हा भाग वेगळा, पण रेड पडली तर दाढी कामाला येत नाही.

बोर्डावर 'ऑर्केस्ट्रा' लिहिलेलं दिसलं तर उलट फिरा. स्टेजवर बायकांची गाणी असलेला तो वेगळा धंदा आहे, तिथली बिलं पण वेगळी आणि तुम्ही जेवायला-प्यायला गेला आहात हे तिथे कोणाला पटणार नाही.

बार चांगला की नाही हे कसं ओळखायचं, तर माझी एकच टेस्ट आहे. संध्याकाळी साडेसात-आठला बाहेर दोन मिनिटं उभं राहा आणि पार्सल कोण नेतंय ते बघा. बायका, शाळेतली पोरं, वॉचमन, डिलिव्हरीवाले पार्सल नेत असतील तर किचन चांगलं आहे, कारण ही माणसं दारूसाठी आलेली नाहीत, फक्त जेवणासाठी आली आहेत. दारू सगळीकडे तीच सीलबंद कंपनीची असते, फरक पडतो तो किचनमध्ये. मग आत डोकावा, एकेकटे काका लोक पेपर घेऊन बसलेत का. जिथे एकटा म्हातारा माणूस दीड तास निवांत बसू शकतो तिथे राडे होत नाहीत.

एसी की नॉन-एसी हा प्रश्न दारातच विचारतात आणि नवखा माणूस लाजेखातर 'एसी' म्हणतो. मेनू कार्डावर दोन रेट असतात हो, तीच बिअर आत गेली की महाग. एकटे किंवा मित्र असाल तर नॉन-एसीत पंख्याखाली बसा, मे महिना सोडला तर काही बिघडत नाही. सोबत मैत्रीण किंवा बायको असेल तर मात्र वर फॅमिली सेक्शन आहे का विचारा आणि तिथेच बसा. नॉन-एसीत कोणी काही बोलणार नाही पण माना वळतात, आमच्या टीममधली एकजण म्हणाली होती मला पापड खाताना पण बघत होते. ते बरोबर नाही, पण आहे तसं आहे.

आता दिवस कुठला. सोमवार ते गुरुवार सातला जा, साडेआठला उठा, यासारखं सुख नाही. शुक्रवार-शनिवार, पगाराचा पहिला आठवडा आणि आयपीएलची मुंबईची मॅच असेल तेव्हा पहिल्यांदा जाऊ नका, वेटर तुमच्याकडे बघणारच नाही. गटारीला तर अजिबात नको, त्या दिवशी वर्षभराचे हिशोब एका रात्रीत पूर्ण करणारी मंडळी येतात, टेबलाला टेबल लागलेलं, चिकनच्या नावाखाली काय येतंय ते किचनलाच माहीत. पण गटारी झाली की दुसऱ्या दिवसापासून श्रावण, आणि श्रावणातला बार ही माझी फेव्हरिट गोष्ट आहे. अर्धी जनता बंद, अण्णा गल्ल्यावर जांभया देतायत, वेटर स्वतः येऊन गप्पा मारतो, जेवण पटकन आणि नीट येतं. ओळख करून घ्यायची तर श्रावणात करा. (तुम्ही स्वतः श्रावण पाळत असाल तर विषयच संपला.) ड्राय डे बघून निघा, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर पाठ असतात पण आषाढी आणि अनंत चतुर्दशीला हमखास दोन-चार जण बंद शटरसमोर उभे दिसतात. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास पण बंद असतं.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. वेटर न विचारता बाटलीचं पाणी आणून झाकण फिरवायच्या तयारीत असतो, तेव्हाच सांगायचं, 'बॉस, साधं पाणी'. हॉटेलात बसून पिताना बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, सुप्रीम कोर्टाने २०१७ ला तसं सांगितलंय, त्यामुळे नंतर भांडून उपयोग नाही, आधीच नको म्हणा. सोडा पण मोजून मागवा. फ्री चखणा कुठला आणि पैशाचा कुठला हे सरळ विचारा, लाजू नका, शेंगदाणे-चणे, काकडीचे तुकडे, कुठे फरसाण, कुठे उकडलेले मूग असं काहीतरी फुकट असतंच, पण मसाला पापड आणि 'मसाला शेंगदाणा' कांदा-टोमॅटो घातलेला आला की समजा मीटर पडला.

आता गणित. स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज ६०, क्वार्टर १८०, म्हणजे क्वार्टरमध्ये तीन लार्ज. दोघं-तिघं असाल आणि सगळे एकच ब्रँड घेत असाल तर सुटे पेग मागवण्यापेक्षा क्वार्टर किंवा हाफ टेबलावर मागवा आणि सील समोर तोडायला सांगा, बहुतेक ठिकाणी देतात. स्वस्त पडतं आणि मापाचा संशय राहत नाही. सुटा पेग घेतलात तर माप तुमच्यासमोर ओतू दे, बर्फाने भरलेल्या ग्लासात तीस काय आणि साठ काय, डोळ्याला सारखंच दिसतं.

आणि बिअरवाल्यांनो, 'मी फक्त बिअर घेतो' हे वाक्य आधी मोजून बघा. ६५० मिलीची स्ट्राँग, लेबलवर ८ टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं, म्हणजे बाटलीत ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के, म्हणजे लार्जमध्ये साधारण २६ मिली. एक स्ट्राँग म्हणजे दोन लार्ज! दोन स्ट्राँग घेतल्या तर आख्ख्या क्वार्टरच्या पुढे गेलात, आणि समोरच्याला म्हणताय हा दारुडा क्वार्टर पितो. हलकं बसायचं असेल तर माइल्ड सांगा, स्पष्ट सांगा, न सांगता 'बिअर' म्हटलं की बऱ्याचदा स्ट्राँगच येते.

खायला काय. चायनीजवर टीका करणारे बरेच आहेत पण खरं सांगतो, नाक्यावरच्या बारचं चिकन चिली ड्राय हे चायनीज नाहीच, ती आपलीच एक भाजी आहे आणि ती तिथेच चांगली मिळते. नवी मुंबईत गावठाणाजवळचा बार असेल, घणसोली गाव, दिवा कोळीवाडा त्या बाजूला, तर आगरी-कोळी गिऱ्हाईक असतं आणि त्यांच्यासमोर शिळा मासा टिकत नाही, तिथे बोंबील फ्राय किंवा मांदेली डोळे झाकून मागवा. फक्त जून-जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा 'ताजं आहे साहेब' असं कोणी म्हटलं तर हसून चणा कोळीवाडा मागवा. अंडा भुर्जी-पाव हा गरिबीतला राजा. एकदम सगळं मागवायचं नाही, एक प्लेट संपली की दुसरी, नाहीतर गार झालेलं खाताय आणि बिल दुप्पट. पनीरबद्दल माझं मत विचारू नका. शेवटी एक दाल खिचडी तडका दोघांत, पोटात भात गेला की सकाळ बरी जाते, आणि रिकाम्या पोटी तर सुरुवातच करायची नाही, बसायच्या आधी वडापाव खाऊन जाणारी माणसं शहाणी असतात.

वेटरला नाव विचारा. एवढं एक काम केलं तर अर्धं शिकलात. आमच्याकडे एक आहेत, कुंदापूर साइडचे, वीस वर्षं त्याच सेक्शनला, त्यांना मी मामा म्हणतो, ते मला बघितलं की न सांगता माइल्ड आणि साधं पाणी आणतात आणि 'आज सुरमई नको' असं डोळ्यांनीच सांगतात. हे असं व्हायला वर्ष लागलं. त्यासाठी दर वेळी तोच बार, शक्यतो तेच टेबल, टाळी वाजवून बोलवायचं नाही, आणि टिप हातात कॅश, बिल यूपीआयने दिलं तरी. पाचशे-सातशेच्या बिलाला तीस-चाळीस पुरेत, दाखवायला शंभर टाकणारा पुढच्या वेळी वीस टाकतो ते जास्त लक्षात राहतं.

बिल. बिअरच्या रिकाम्या बाटल्या टेबलाच्या पायाशी तशाच राहू द्या, उचलू देऊ नका, तोच तुमचा हिशोब. बिल दोन भागांत वाचायचं, खाण्यावर ५ टक्के जीएसटी, दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट १० टक्के, काही ठिकाणी मेनूच्या रेटमध्येच धरलेला आणि काही ठिकाणी खाली वेगळा. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, २०२२ च्या नियमाप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही. माझं एकदा काय झालं, चौघं बसलो होतो, बिल २८०० आलं, मी मोठेपणाने न बघता दिलं, खाली उतरून सिगरेटवाल्याकडे उभं राहून वाचलं तर त्यात दोन मटण मसाला, आणि आमच्या चौघांतले दोघं माळकरी घरातले, मटणाला हात न लावणारे. शेजारच्या टेबलाचं आमच्यावर चढलेलं. वर गेलो, पैसे परत मिळाले, पण मला खात्री आहे ते टेबल अजून आमच्या नावाने हसत असेल.

रेट वाढलेत ही ओरड खरी आहे. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशीवरची एक्साइज वाढवली, वर व्हॅट आणि लायसन्सची फी, त्यावर १४ जुलैला राज्यभर परमिट रूमवाल्यांनी एक दिवस बंद पण पाळला. तेव्हा वेटरवर चिडून फायदा नाही, त्याच्या हातात काय आहे.

गाडी घरी. यात चर्चा नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं की पहिल्यांदाच १० हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. स्टेशनजवळचा बार निवडायचा तो यासाठीच. ऐरोलीत बसून ठाण्याला परतायचं असेल तर बसायच्या आधी एम-इंडिकेटर अ‍ॅपवर शेवटची ट्रान्स-हार्बर लोकल बघून ठेवा, बसल्यावर बघू म्हणणारे बघत नाहीत. रिक्षा करायची तर बाराच्या आत करा, बारानंतर मीटरवर पंचवीस टक्के जास्त, आणि तो मीटरने येईल याची हमी मी देत नाही. घरच्यांसाठी पार्सल न्यायचं असेल तर लास्ट ऑर्डरची वाट न बघता आधीच सांगून ठेवा, शेवटच्या घाईत खिचडीत तडका घालायचा राहतो आणि घरी त्यावरूनच सुरू होतं.