जुन्या मसल कारचं तडकलेलं प्लास्टिक घरी जोडताय? आधी या चुका टाळा

डेट्रॉईटच्या आसपास आपली मराठी माणसं किती आहेत ते वेगळं सांगायला नको, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं पोट गाड्यांवरच चालतं. वर्षभर ऑफिसात नव्या गाड्यांची डिझाइन्स बघायची, ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला जाऊन रस्त्याकडेला खुर्ची टाकून जुन्या गाड्यांवर जीव टाकायचा, आणि थंडी सुरू व्हायच्या आत कुठूनतरी एखादी जुनी कॅमॅरो नाहीतर ट्रान्स ॲम, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली दणकट इंजिनाची मसल कार, घरी आणायची. इथवर माझं काहीच म्हणणं नाही, हौसेला मोल नसतं. पण इंजिनावर पैसे घालतात, रंगावर घालतात, टायर बदलतात आणि आतलं प्लास्टिक मात्र "त्याला काय, चिकटवू की" म्हणून शेवटी ठेवतात. मग जानेवारीत व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात, काका हे बघा ना असं का झालं. फोटो वेगळे, चुका त्याच. उत्तरं टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

प्लास्टिक कुठलं ते न बघताच गोंद आणणं

दुकानात "ऑल प्लास्टिक" लिहिलेली ट्यूब दिसली की लोक उचलतात. अरे पण सगळं प्लास्टिक एकच असतं का? त्या काळातल्या गाड्यांच्या आतले कडक पॅनल, म्हणजे पायापाशी बाजूला असतात ते किक पॅनल, मागच्या सीटशेजारचे क्वार्टर पॅनल, दोन सीटच्या मधला कन्सोल, हे बहुतेक एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे. १९६९च्या कॅमॅरोची पुढची जाळीसुद्धा प्लास्टिकचीच आहे, लांबून धातूची वाटते एवढंच. एबीएस ॲसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात त्या द्रवात, विरघळतं आणि हीच आपल्या फायद्याची गोष्ट. पॉलीप्रॉपिलीन नावाचं दुसरं प्लास्टिक मात्र विरघळत नाही आणि त्याला साधा गोंदही धरत नाही, कितीही घासा.

आजकालच्या पार्टवर मागे छोट्या अक्षरात प्लास्टिकचं नाव असतं, जुन्यावर बहुधा नसतं. मग काय करायचं, तर पॅनलच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, कान साफ करायच्या काडीवर थेंबभर ॲसिटोन घेऊन घासायचं. चिकट झालं आणि काडीला रंग लागला तर एबीएस समजा. तुकडा तुटून हातात आला असेल तर पाण्यात टाका, तरंगला तर पॉलीप्रॉपिलीन किंवा त्याचाच कुणी भाऊबंद, एबीएस बुडतं. दोन मिनिटांचं काम आहे, तरी कुणी करत नाही.

आणि पाँटिॲक जीटीओवाल्यांनी कृपया १९६८पासूनच्या एंड्युरा बंपरला यातलं काहीही लावू नये. ते रबरासारखं लवचिक मटेरियल आहे, गाडीच्याच रंगात रंगवलेलं, त्याचं शास्त्र पूर्ण वेगळं. तिथे लवचिक फिलर आणि रंगात फ्लेक्स ॲडिटिव्ह, म्हणजे रंग लवचिक ठेवणारं द्रव्य, लागतं.

सुपरग्लू, आणि वर खायचा सोडा

हा माझा आवडता राग आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

डेट्रॉईटजवळच्या कँटनमधला एक मुलगा, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली, १९७९ची ट्रान्स ॲम घेतली. गाडी छान, आतलं काळं प्लास्टिक उन्हाने थोडं करडं पडलेलं पण शाबूत. याला मागचे स्पीकर बदलायचे होते. भर जानेवारीत, हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये, बाहेर उणे बारा, आणि हा स्क्रूड्रायव्हर घालून क्वार्टर पॅनल उचकटतोय. व्हायचं तेच झालं, कट्ट आवाज आला आणि स्क्रूच्या भोकापासून चांगली वीतभर चीर गेली. इथपर्यंत सुद्धा सगळं निभावलं असतं. पण त्याने रात्री व्हिडिओ बघितला. चिरेत सुपरग्लू ओतायचा, वर खायचा सोडा भुरभुरायचा, सेकंदात दगड तयार. तयार होतोही. पोरगा खूश, मला फोटो पाठवला, काका पाच मिनिटांत झालं.

जूनमध्ये गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसभर उन्हात उभी राहिली आणि संध्याकाळी बघतो तर जुन्या चिरेला अगदी लागून, समांतर, नवीन चीर. आधीपेक्षा लांब. शिवाय गोंद पुढच्या बाजूने ओतल्यामुळे पॅनलवरचं चामड्यासारखं ग्रेन असतं ना, ते त्या पट्ट्यात भरून गुळगुळीत झालेलं आणि आजूबाजूला गोंदाच्या वाफेची पांढरी पावडर बसलेली.

कारण सोपं आहे. सोडा आणि सुपरग्लूचा तो दगड काचेसारखा ठिसूळ, वाकत नाही. पॅनल उन्हात वाढतो, रात्री आक्रसतो. एबीएसचा मीटरभर लांब तुकडा चाळीस अंशांच्या फरकाने तीन-साडेतीन मिलिमीटर लांब होतो, थोडंथोडकं नाही ते. जोड वाकायला तयार नाही म्हटल्यावर सगळा ताण जोडाच्या कडेला जातो आणि तिथलं पन्नाशीला आलेलं, उन्हाने वाळलेलं प्लास्टिक हात टेकतं.

खरी गंमत पुढे. आता तो सुपरग्लू काढायचा कसा? सुपरग्लू सोडवायला ॲसिटोन लागतं. आणि ॲसिटोनने पॅनलच विरघळतो! म्हणजे पुसून काढता येत नाही, आणि गोंद आत राहिला तर त्यावर नीट दुरुस्ती धरत नाही. शेवटी मागच्या बाजूने ड्रेमेल, म्हणजे हातात धरायचं छोटं कोरायचं मशीन, घेऊन सगळा गोंद आणि त्याच्यासोबत दोन्हीकडचं चांगलं प्लास्टिक खरवडून काढावं लागलं. जी चीर केसाएवढी होती तिची बोटभर रुंद घळ झाली. पाच मिनिटं वाचवली आणि दोन वीकेंड गेले, वर त्याला मला जेवायला घालावं लागलं ते वेगळंच.

सुपरग्लूला माझ्याकडे एकच काम, दोन तुकडे जागेवर धरून ठेवायला मागून एखादा ठिपका, तोही नंतर खरवडता येईल अशा ठिकाणी. बाकी ट्यूब देवघराच्या ड्रॉवरमध्ये असू द्या.

आणि थंडीत पॅनल काढायचाच असेल तर गाडीत हेअर ड्रायर घेऊन बसा. पॅनल हाताला कोमट लागेपर्यंत क्लिपला हात लावू नका.

मग करायचं काय

मी स्लरी, म्हणजे ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं प्लास्टिक, वापरतो. त्याच पॅनलच्या मागच्या कडेचं थोडं प्लास्टिक कापायचं, ते जिथे कार्पेटखाली जातं तिथलं, त्याचे बारीक तुकडे काचेच्या बरणीत टाकायचे, बुडतील एवढं ॲसिटोन, धातूचं झाकण लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी मधासारखं दाट झालेलं असतं. तुकडे मिळणार नसतील तर लेगोच्या काळ्या विटा चालतात, १९६३पासून त्या एबीएसच्याच आहेत, फक्त पोरांना विचारून घ्या. इथे ड्रेनेजच्या काळ्या एबीएस पाइपला लावायचं सिमेंट हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, तेही म्हणजे विरघळवलेलं एबीएसच, घाईत मी तेसुद्धा वापरलंय, पण वास सहन करायची तयारी हवी.

बरणी काचेचीच. पार्टीतल्या लाल ग्लासात हे मिसळू नका, ते ग्लास बहुधा पॉलीस्टायरीनचे असतात, बूड विरघळून सगळं टेबलावर येतं. हसू नका, लोकांनी केलंय.

चीर जिथे संपते तिथे आधी १/८ इंचाच्या बिटने भोक पाडायचं. टोकाला ताण गोळा होतो, गोल भोक पडलं की तो पसरतो आणि चीर पुढे पळत नाही. हे न करता नुसती चीर भरणाऱ्यांचा फोन परत येतो. मग मागच्या बाजूने चिरेवर व्ही आकाराची खाच, साधारण जाडीच्या दोन तृतीयांश खोल, ८० नंबरच्या सँडपेपरने आजूबाजूला घासून घ्यायचं, खाचेत थोडं नुसतं ॲसिटोन ब्रशने फिरवायचं म्हणजे दोन्ही कडा मऊ होतात, आणि मग स्लरीचा पातळ थर. वाळला की दुसरा. त्यावर फायबरग्लासची जाळी आणि जाळीवर परत स्लरी. पुढच्या बाजूला जेवढं कमी कराल तेवढं चांगलं. ग्रेन एकदा घासून काढलं की घरी परत आणणं फार अवघड, टेक्स्चरचे स्प्रे मिळतात पण जवळून बघितलं की कळतंच.

सोल्डरिंग आयर्नने वितळवून जोडणारेही आहेत. हात चांगला असेल तर होतं. धूर निघायला लागला म्हणजे प्लास्टिक जळतंय, जळालेलं प्लास्टिक जोडाला कामाचं नाही, आणि तो धूर छातीत घ्यायचाही नाही.

बेसमेंटमध्ये ॲसिटोन

गॅरेज गार म्हणून लोक हे काम खाली बेसमेंटमध्ये करतात. तिथेच गॅसचा वॉटर हीटर असतो, तिथेच फर्नेस असते. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते, आणि उणे वीस अंशांनाही पेट घेऊ शकते. हीटरची ज्योत खालीच असते. पुढचं मी लिहीत नाही. गॅरेजचं दार उघडून, जॅकेट घालून काम करा, नाहीतर एप्रिलपर्यंत थांबा. पॅनल कुठे पळून जात नाही.

वाळायच्या आत रंग

दुसरा माझा आवडता राग. स्लरी तासाभरात वरून कडक लागते. नखाने दाबून बघतात, हां झालं, की लगेच घासायला घेतात. वरची साय वाळलेली असते, आत ॲसिटोन अडकलेलं असतं, ते हळूहळू बाहेर पडत राहतं आणि जसं पडतं तसा तो भाग आक्रसत जातो. जवळच्या नोव्हाय गावात एका गृहस्थांची १९७० शेव्हेल आहे, माणूस हुशार, स्वतः प्लास्टिकच्याच साच्यांच्या धंद्यात. ड्रीम क्रूझ शनिवारी, पॅनल भरला बुधवारी, गुरुवारी प्रायमर आणि रंग. शुक्रवारी रात्री फोटो आला तेव्हा खरंच काही दिसत नव्हतं. शनिवारी दुपारी क्रूझच्या रस्त्यावरच्या फर्नडेलला गाडी उन्हात लावली आणि येणाराजाणारा आत डोकावला की नजर नेमकी तिथेच. चिरेच्या जागी खोलगट रेघ, नदीच्या पात्रासारखी. वर रंगाला सुरकुती. नंतर महिनाभरात रेघ अजून खोल गेली, कारण रंगाखाली कोंडलेलं ॲसिटोन निघायला जास्तच वेळ घेतं.

पातळ थर, थरांमध्ये एक दिवस, शेवटच्या थरानंतर किमान आठवडा, थंडीत दोन. मी पॅनल गॅरेजच्या वर सरकणाऱ्या दरवाजाच्या रुळाला टांगून ठेवतो आणि विसरून जातो. नाकाला वास येत असेल तर वाळलेलं नाही, याहून वेगळी कसोटी मला लागली नाही. ज्यांना आठवडाभर थांबायचं नाही त्यांनी दोन भागांचं, प्लास्टिकसाठी असलेलं इपॉक्सी वापरावं, ते वाईट नाही. पण मग तिथे "काका रेघ दिसते" म्हणायचं नाही, कारण घासताना इपॉक्सी आणि एबीएस वेगवेगळं घासलं जातं.

बाकीचं, पटकन

आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं डॅश चमकवायचा स्प्रे मारलेला असतो. त्यात सिलिकॉन असलं की रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटतो. आधी भांडी घासायचा साबण आणि ब्रश, मग वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर, आणि हे सगळं सँडपेपरने घासायच्या *आधी*. आधी सँडपेपर मारलात तर सिलिकॉन चांगलं आत चोळून बसवलंत.

क्रोमचा मुलामा असलेल्या प्लास्टिकला पुढून काहीही करू नका.

डॅशपॅड, म्हणजे डॅशबोर्डवरची मऊ गादी, फुटलंय? ते एबीएस नाही, वर व्हायनिल, आत फोम. वेगळा विषय.

रंगासाठी इंटीरियरचे व्हायनिल-प्लास्टिकचे स्प्रे येतात, पातळ बसतात, ग्रेन भरत नाही. बॉडीचा रंग आत मारू नका रे बाबांनो.

स्क्रू

सगळं नीट केल्यावर पॅनल परत लावताना फोडतात, हे तर मी डोळ्यांनी बघितलंय. जुनं प्लास्टिक आक्रसलेलं असतं, त्यामुळे पाच भोकं जुळतात आणि सहावं जरासं हुकतं. मग काय, गुडघ्याने दाबायचं आणि ड्रिलने स्क्रू पिळायचा. मुळात चीर पडली ती बहुतेक वेळा असल्याच स्क्रूपाशी असते, दुरुस्तीत मूळ कारण तसंच राहतं. हुकलेलं भोक कानशीने लांबट करा, खाली रुंद वॉशर घाला, आणि सगळे स्क्रू आधी हाताने दोन-दोन आटे लावून मग एकेक टेकवा. टेकवा म्हणजे टेकवा. पॅनल हाताने किंचित सरकला पाहिजे, उन्हात तो सरकणारच आहे. पॉवर ड्रिल त्या दिवशी घरातच ठेवा.

आणि प्रत्येक पॅनल वाचवायचा हट्ट करू नका. मागून अंगठ्याने दाबलं की करकर आवाज येत असेल, पुढून खडूसारखी पावडर बोटाला लागत असेल, तर उन्हाने त्यातला रबराचा अंश खाल्लेला आहे, एक चीर जोडाल तर शेजारी दुसरी पडेल. कॅमॅरोसारख्या गाडीचे नवे किक पॅनल सहज मिळतात, घ्या आणि मोकळे व्हा, फिटिंगला थोडं तासावं लागेल ते लागेल. एएमसी जॅव्हलिनवाल्यांचे हाल आहेत, त्यांनाच खरी ही दुरुस्ती शिकायची गरज. पण जुना पॅनल काढलात तर कचऱ्यात टाकू नका. मागच्या, ऊन न लागलेल्या भागाचे तुकडे करून झाकणाच्या डब्यात ठेवा, वर गाडीचं नाव आणि रंग लिहा. त्याच रंगाची स्लरी विकत कुठे मिळत नाही, आणि तुम्हाला नको असतील तर मला द्या, मी येऊन घेऊन जाईन.