मांजटू सोलू नका

इंग्लंडमध्ये रेडिंगला येऊन मला १९ वर्षं झाली. दर सप्टेंबरला नवी मुलं येतात आणि चपट्या हिरव्या शेंगांपाशी माझ्यासारखीच फसतात, म्हणून लिहितेय.

पाकिटावर 'मांजटू' लिहिलेलं असतं. शब्द फ्रेंच, अर्थ 'सगळं खा'. अमेरिकेत यांनाच स्नो पीज म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात पाहुण्यांना मटार उसळ करायची म्हणून मी ८ पाकिटं आणली आणि तासभर सोलत बसले. आत इवलेसे चपटे दाणे, वाटीभरसुद्धा भरले नाहीत. सालं कचऱ्यात गेली, आठवड्याच्या भाजीचे पैसे गेले. या शेंगेत खायचं असतं ते सालच! उसळ करायची तर फ्रोझन मटार घ्या, स्वस्त आणि चांगले असतात.

देठ मोडून वालपापडीसारखी शीर ओढून काढा. कुकर नको, झाकणही नको. तेल चांगलं तापलं की मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मग शेंगा. मोठ्या आचेवर २-३ मिनिटं परता. रंग गडद झाला की मीठ घालून लगेच उतरवा, वरून ओलं खोबरं आणि लिंबू. चावताना कट्‌कन आवाज यायला हवा. मऊ पडल्या तर चवच जाते. पोह्यांत आणि मसालेभातातही अगदी शेवटी घाला.

१०० ग्रॅम कच्च्या शेंगांत सुमारे ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ४० पुरतं, असं इथली आरोग्यसेवा सांगते. उकडून पाणी ओतून दिलंत तर त्यातलं बरंच वाहून जातं. शाकाहारी मुलींनो, मटकीच्या उसळीबरोबर या शेंगा कच्च्या चिरून, दाण्याचं कूट आणि लिंबू घालून कोशिंबीर करा. क जीवनसत्त्व सोबत असलं की कडधान्यातलं लोह अंगी जास्त लागतं. आपली माणसं सुकलेल्या तोंडल्यांना वाटेल तो भाव देतात, नाहीतर 'इथे भाजीच मिळत नाही' म्हणत फ्रोझन पराठ्यांवर दिवस काढतात. मला याचं फार वाईट वाटतं.

परसात जागा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये पेरा आणि वेलाला जाळी द्या. मात्र बी घेताना पाकीट नीट वाचा. 'स्वीट पी' ही फुलांची वेल आहे, तिच्या शेंगा आणि बिया विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर या दोन वेली शेजारी लावूच नका.