एप्रिलचं टेबल वाचताना या चुका टाळा

२३ मे २०१९. न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर बेसबॉलचा दुपारचा सामना होता. आठव्या इनिंगमध्ये कार्लोस गोमेझने तीन रनांचा होमरन (सिक्सरसारखा, कुंपणापलीकडचा फटका) मारला आणि आमच्या मेट्सनी वॉशिंग्टन नॅशनल्सना सलग चौथ्या दिवशी हरवलं. नॅशनल्सचा हिशोब झाला १९ विजय, ३१ पराभव. पुण्यातल्या मामेभावाला मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "या वर्षी नॅशनल्सचं नाव विसर." ऑक्टोबरच्या शेवटी ह्यूस्टनच्या मैदानावर सातवा सामना जिंकून वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, करंडक उचलला तो त्याच नॅशनल्सनी. मेट्स तेव्हा केव्हाच घरी परतले होते.

तेव्हापासून हंगामाची सुरुवात बघायची माझी पद्धत बदलली. मार्चअखेर बेसबॉल सुरू होतं आणि दोन आठवड्यांत आपल्या लोकांच्या गप्पांत तीच वाक्यं ऐकू येतात. "यांचं काही खरं नाही." "याला एवढे पैसे कशाला दिले?" किंवा उलट, "यंदा आपलंच वर्ष!" मामेभाऊ पहाटे ४.४० चा गजर लावून मेट्सचे सामने बघतो आणि सहा वाजता त्याचा मेसेज येतो, "दादा, संपलं ना?" त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या, क्रिकेटवर वाढून बेसबॉलच्या प्रेमात पडलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

वीस सामने आयपीएलच्या मापाने मोजू नका

आयपीएलच्या साखळीत १४ सामने. पहिले चार-पाच हरलात की पुढचा प्रत्येक सामना करो या मरो. मुंबई इंडियन्सने २०१५ मध्ये पहिले चार हरून करंडक जिंकला, पण ती गोष्ट आपण अजून सांगतो ती अपवाद म्हणूनच. बेसबॉलमध्ये सामने १६२. त्यातले वीस म्हणजे जेमतेम बारा टक्के. आयपीएलच्या भाषेत दोन सामनेसुद्धा झालेले नाहीत! दोन सामन्यांवर तुम्ही मुंबईला मोडीत काढाल का?

२०२४ चे मेट्स पहिले पाचही सामने हरले. जूनच्या सुरुवातीला ते २४-३५ (विजय-पराभव) वर होते. पुढे त्यांनी ८९ सामने जिंकले, ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीत पीट अलोन्सोच्या नवव्या इनिंगमधल्या होमरनने प्लेऑफची पहिली फेरी जिंकली आणि वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी अलीकडे, डॉजर्सकडून हरेपर्यंत ते खेळत राहिले.

मिलवॉकीचंच घ्या. २०२५ च्या पहिल्या तीन सामन्यांत न्यूयॉर्कच्याच यांकीजनी मिलवॉकी ब्रूअर्सना आपल्या मैदानावर, ब्राँक्समध्ये, ३६ रन ठोकले. त्यातल्या एका दुपारी नऊ होमरन, आणि नेस्टर कोर्टेसच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन. सगळीकडे चर्चा यांकीजच्या नव्या आकाराच्या टॉर्पिडो बॅटची. ब्रूअर्स पहिले चारही सामने हरले. सप्टेंबरअखेर संपूर्ण बेसबॉलमध्ये सर्वाधिक विजय कोणाचे? ब्रूअर्सचे, ९७. यांकीजचे ९४.

बॅटरची ॲव्हरेज बघून त्याला नापास करू नका

मला सर्वांत जास्त त्रास याच चुकीचा होतो, कारण ती माणसावर निघते. स्टेडियममध्ये बू होतं.

गणित साधं आहे. पन्नास वेळा चेंडू खेळून १० हिट (बेसवर पोचवणारे फटके) मिळाल्या तर ॲव्हरेज .२००, आणि १३ मिळाल्या तर .२६०. एकाला लोक बसवायला निघतात, दुसरा चांगला खेळाडू ठरतो. दोघांमध्ये फरक तीन चेंडूंचा. तीन चेंडू फील्डरच्या ग्लोव्हच्या वितभर बाजूने गेले की थेट ग्लोव्हमध्ये, एवढंच. होमरन सोडून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी साधारण दहातले तीन हिट होतात. एखाद्याचं हे प्रमाण महिनाभर दहात दोन राहिलं तर आधी विचारा, की चेंडू जोरात लागतोय का? कडक लाइन ड्राइव्ह (सपाट फटका) सरळ शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) हातात जात असेल तर बॅटर बिघडलेला नाही.

ॲव्हरेजऐवजी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) आणि वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळणारा पहिला बेस) बघा. बॅटर साठेक वेळा प्लेटवर आला की त्याच्या स्ट्राइकआउटच्या प्रमाणावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. वॉकसाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे १२० च्या आसपास वेळा लागतात. ॲव्हरेज स्थिर व्हायला मात्र आख्खा हंगामसुद्धा पुरत नाही.

हुआन सोटोचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. १५ वर्षं आणि ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार करून तो २०२५ मध्ये मेट्सकडे आला. मेअखेरीस ॲव्हरेज .२३० च्या घरात. आमच्याच लोकांनी त्याला बू केलं. पण वाईट चेंडू तो तेव्हाही सोडत होता, वॉक घेत होता, आणि लागलेला चेंडू कडक जात होता. जूनमध्ये त्याने ११ होमरन मारले आणि नॅशनल लीगचा (बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक) महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वर्षअखेर ४३ होमरन, ३८ चोरलेले (पिचर चेंडू टाकताना पळून गाठलेले) बेस, १२७ वॉक.

त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सिस्को लिंडोर मेच्या मध्यापर्यंत .२०० च्याही खाली होता. त्या एप्रिलमध्ये एका रात्री सिटी फील्डवर लोकांनी बू करायचं सोडून उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मेट्सवाला असल्याचा मला ज्या थोड्या क्षणांनी खरा अभिमान दिला, त्यातला तो एक. तो मेमध्ये पहिल्या क्रमांकावर बॅटिंगला येऊ लागला, ३३ होमरनवर हंगाम संपवला आणि एमव्हीपीच्या (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) मतदानात फक्त शोहेई ओटानीच्या मागे राहिला.

थंडी विसरू नका

न्यूजर्सीहून ट्रेन बदलत सिटी फील्ड जिथे आहे त्या फ्लशिंगला पोचायचं, स्वेटरवर जॅकेट चढवायचं आणि तरी तिसऱ्या इनिंगला बोटं बधिर झालेली असतात. डोक्यावरून लाग्वार्डियाला उतरणारी विमानं जातात आणि त्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अशाच एका रात्री आमच्या बॅटरने चेंडू उचलला. आवाजावरून आख्खा स्टँड उभा राहिला. लेफ्ट फील्डर मागे-मागे जात भिंतीला पाठ टेकून थांबला आणि तिथेच झेल घेतला. जुलैत तो चेंडू भिंतीपलीकडे असता.

थंड हवा जड असते. तापमान १० अंश फॅरनहाइटने घसरलं की लांब मारलेला चेंडू तीनेक फूट आखूड पडतो. एप्रिलची ४५ अंशांची रात्र आणि जुलैची ८५ अंशांची संध्याकाळ यांत दहा-बारा फुटांचा फरक होतो. न्यूयॉर्क, शिकागो, मिनेसोटाच्या बॅटरांचे एप्रिलचे होमरन मोजताना एवढं ध्यानात ठेवा, आणि तिथल्या पिचरांचं (चेंडू टाकणाऱ्यांचं) कौतुकही तेवढंच आवरून करा.

समोर कोण होतं ते न बघता खूश होऊ नका

२०२३ मध्ये टँपा बे रेजनी पहिले तेराच्या तेरा सामने जिंकले. १९८२ च्या अटलांटा ब्रेव्ह्ज आणि १९८७ च्या मिलवॉकी ब्रूअर्सच्या विक्रमाशी बरोबरी झाली. तेरा सामने कोणाशी? डेट्रॉइट, वॉशिंग्टन, ओकलँड आणि बोस्टन. त्या वर्षाच्या शेवटी या चारही संघांचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते, ओकलँडचे तर ११२. रेज चांगलेच होते, ९९ जिंकले. पण डिव्हिजन (पाच संघांचा गट) १०१ विजयांच्या बाल्टिमोरने नेली आणि प्लेऑफमध्ये टेक्सासविरुद्ध दोन सामन्यांत रेजना मिळून एक रन काढता आला.

त्याच एप्रिलमध्ये पिट्सबर्ग २०-८ वर होतं. शेवट ७६-८६.

म्हणून विजयांशेजारी दोन गोष्टी लिहा: काढलेले रन आणि दिलेले रन. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांचं जुनं सूत्र वहीत करता येतं. काढलेल्या रनांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. १०० काढले आणि १०० दिले, तर संघ पन्नास टक्क्यांचा. टेबलात तो १५-८ दिसत असेल तर एका रनाने जिंकलेले सामने मोजा, बरंचसं उत्तर तिथे सापडेल.

जिंकताना पिचरांकडे दुर्लक्ष करू नका

आता दुखऱ्या जागेवर येतो. १२ जून २०२५ ला मेट्स ४५-२४ वर होते, संपूर्ण बेसबॉलमध्ये सर्वोत्तम. त्याच दिवशी पिचर कोडाई सेंगा पहिल्या बेसवर धावला, अलोन्सोचा उंच आलेला थ्रो घ्यायला उडी मारली आणि खाली येताच मांडीचा मागचा स्नायू धरून आडवा झाला. त्याची ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणारे रन) तेव्हा १.४७ होती. त्या दिवसानंतर मेट्स ३८-५५ खेळले.

सगळा दोष त्या एका उडीवर टाकणं मला पटत नाही. खुणा एप्रिलपासून होत्या. शॉन मनाया आणि फ्रँकी मोंटास हंगाम सुरू होण्याआधीच जखमी होते. उरलेल्यांची ईआरए झकास होती आणि तीच सगळे वाचत होते, मीसुद्धा. पण स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) पाच इनिंग टाकून निघून जात होते. हिशोब करा. स्टार्टर सहाऐवजी पाच इनिंग टाकतो तेव्हा बुलपेनवर (नंतर येणाऱ्या पिचरांवर, म्हणजे रिलीव्हरांवर) रोज एक इनिंग चढते, हंगामात १६२. एक चांगला रिलीव्हर वर्षाला साठ-सत्तर इनिंग टाकतो. म्हणजे दोन माणसांचं वर्षभराचं काम आधीच दमलेल्या हातांवर पडलं. जूनमध्येच टायलर मेगिलचं कोपर गेलं, ग्रिफिन कॅनिंगची टाचेमागची शीर तुटली. वर्षभरात मेट्सना ४६ जणांच्या हाती चेंडू द्यावा लागला.

म्हणून माझं मत ठाम आहे: एप्रिलमध्ये एकच आकडा रोज बघायचा असेल तर स्टार्टर कितव्या इनिंगपर्यंत टिकला तो बघा. विजय-पराभव, होमरन, ॲव्हरेज सगळं त्याच्यानंतर. संघाच्या तब्येतीबद्दल तो सर्वांत आधी खरं बोलतो.

तक्रार एक, तपासणी दुसरी

संघ हरतोय पण काढलेले-दिलेले रन बरोबरीत आहेत? थांबा, काही बिघडलेलं नाही. हरतोय आणि रनांतही फार मागे आहे, तर आधी जखमींची यादी बघा. बॅटर किमान १० दिवस आणि पिचर १५ दिवस त्या यादीत अडकतो. दोन मुख्य माणसं तिथे असतील तर ती परतेपर्यंत मत राखून ठेवा.

जिंकतोय पण सातवी-आठवी इनिंग रोज तेच दोघं टाकताहेत, तर काळजी करा. ऑगस्टमध्ये त्या दोघांच्या चेंडूचा वेग कमी झालेला दिसेल.

रिलीव्हरची ईआरए भयानक दिसते? एका इनिंगमध्ये चार रन दिले की ती होते ३६. पुढे नऊ इनिंग एकही रन दिला नाही तरी ३.६० वर येते, आणि तेवढ्यात मे उजाडतो. आकडा सोडा, वेग गेल्या वर्षीइतका आहे का ते बघा. वेग तेवढाच असेल तर माणूस ठीक आहे. ताशी दोन मैलांनी घसरला असेल तर खांदा किंवा कोपर काहीतरी सांगतंय.

मॅनेजरला काढा अशी ओरड सुरू झाली की मी एकच प्रश्न विचारतो: त्याच्या हातात स्टार्टर किती होते?

आणि "एप्रिलला काही अर्थ नसतो" असंही म्हणू नका

वरचं सगळं वाचून मामेभाऊ म्हणाला, "मग मी मेपासूनच उठतो." नाही रे. एप्रिलच्या निकालावरून संघ कसा आहे हे ठरवू नये, पण एप्रिलचा विजय सप्टेंबरच्या विजयाएवढाच मोजला जातो.

२८ सप्टेंबर २०२५, हंगामाचा शेवटचा दिवस. मेट्स मायामीत, सिनसिनाटी रेड्स मिलवॉकीत. दोघांचे विजय सारखे, ८३. आपसातल्या सहा सामन्यांत रेड्स ४-२ ने पुढे होते, त्यामुळे बरोबरी राहिली तर प्लेऑफची शेवटची जागा त्यांची. त्या दुपारी रेड्स हरले. दार उघडं होतं, मेट्सनी जिंकायचं होतं फक्त. मेट्स ०-४ हरले.

मी बराच वेळ टीव्हीसमोर बसून राहिलो आणि मग वेळापत्रक अगदी पहिल्या ओळीपर्यंत मागे नेलं. २७ मार्च, ह्यूस्टन. नवव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर रनर होते, एकही आउट नव्हता, आणि मेट्सना त्यातून एकच रन काढता आला. दोन रनर बेसवर असताना ह्यूस्टनच्या जॉश हेडरने सोटोला स्ट्राइकआउट केलं. सामना १-३ गेला होता. त्या दिवशी मामेभावाच्या मेसेजला मी उत्तर दिलं होतं, "अरे, अजून १६१ आहेत."