ट्रायग्लिसराइड मोजताना या चुका टाळा

लॅबमध्ये ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, आकडा विचित्र आला की आधी मशीनला शिव्या, मग रिएजंटला, म्हणजे चाचणीच्या रसायनाला. मशीन बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. चूक सॅम्पलमध्ये असते नाहीतर हातात. प्रशिक्षणार्थींच्या दर नव्या तुकडीबरोबर त्याच चुका परत येतात आणि तेच ते सांगून कंटाळा आला, म्हणून एकदा लिहून टाकतेय.

ट्यूबकडे न बघणं

माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. बारकोड चिकटवला, रॅक आत सरकवली, स्क्रीनवर आकडा आला, रिपोर्ट गेला. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, दिसतंय कसं, हे मधे कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणजे निव्वळ उंटावरून शेळ्या हाकणं. साधारण ३०० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरच्या पुढे सीरम गढूळ दिसायला लागतं, हजाराच्या बरंच वर गेलं की दुधासारखं पांढरं. हे बघायला दोन सेकंद लागतात. डोळ्यांना दिसतं ते आणि आकडा जुळत नसेल तर रिपोर्ट सोडायचा नाही.

एका रात्रपाळीतली गोष्ट. पोटात प्रचंड दुखतंय म्हणून आलेला रुग्ण. संध्याकाळी ताज्या सॅम्पलवर अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेत वाढणारं एन्झाइम, झालं, नॉर्मल आलं. सोडियम आलं १२८. ट्यूब फ्रिजमध्ये गेली. मध्यरात्रीनंतर डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड वाढवून मागितलं, तेव्हा पाळीवरच्या मुलाने ट्यूब फ्रिजमधून काढून तशीच चढवली. आकडा आला सहाशेच्या आसपास, आणि त्याने कळवूनही टाकला. डॉक्टर फोनवर विचारत होते, "सोडियम इतकं कमी आणि पेशंट एकदम व्यवस्थित कसा?" मी त्या मुलाला म्हटलं, ट्यूब दाखव. वर बोटभर जाड साय, खाली गढूळ सीरम. कायलोमायक्रॉन, म्हणजे रक्तातले चरबीचे कण, हलके असतात, ट्यूब उभी राहिली की वर येतात. मशीनची सुई साय भेदून खाली गेली होती आणि तिने खालचं सीरम उचललं होतं.

ट्यूब बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ दिली, हळू उलटीपालटी करून पुरती एकजीव केली, सलाईन घालून पातळ केलं, म्हणजे डायल्यूशन केलं. आकडा साडेपाच हजारांच्या वर. मग बाकीचंही उलगडलं. सीरममध्ये एवढी चरबी असली की पाण्याचा वाटा घटतो आणि सॅम्पल आधी पातळ करून मोजणारं मशीन सोडियम खोटंच कमी दाखवतं. पातळ न करता थेट मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर तेच सोडियम नॉर्मल आलं. अमायलेजही लिपेमिक, म्हणजे चरबीने गढूळ, सीरममध्ये फसवं कमी येऊ शकतं. दुखत होता तो स्वादुपिंडच, आणि ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे गेलं की त्याला सूज येण्याचा धोका खरा असतो.

माझी सवय सांगते. सीरम पांढरं दिसलं की मी सॅम्पल पातळ न करता चढवतच नाही. इतक्या चरबीसमोर रिएजंटमधला ऑक्सिजन आणि रंगद्रव्य कमी पडतं आणि आकडा उलट खाली येऊ शकतो. मशीन दर वेळी इशारा देईलच असं नाही. म्हणून दोन वेगळी डायल्यूशन करायची, एक पाचपट, एक वीसपट. गुणून दोन्ही आकडे जवळपास आले तरच विश्वास. दोनदा कशाला, वेळ जातो, असं नवी मुलं म्हणतात. जाऊ दे की. चुकीचा आकडा कळवल्यावर फोनवर जातो तो वेळ यापेक्षा जास्त असतो. दहापट म्हणजे एक भाग सीरम आणि नऊ भाग सलाईन. एक आणि दहा घेतले की ते अकरापट झालं, आणि हे गणित पदवीधरांनाही समजावावं लागतं.

आणखी एक शहाणपणा: लिपेमिक सीरम जोरात सेंट्रिफ्यूज करून चरबी वेगळी काढायची आणि खालच्या स्वच्छ भागावर सगळ्या चाचण्या उरकायच्या. क्रिएटिनिनला ठीक. ट्रायग्लिसराइडलाही तेच सीरम? जे मोजायचं होतं तेच तुम्ही आत्ता बाजूला काढलंत ना!

ग्लिसरॉल विसरणं

आपण ट्रायग्लिसराइड थेट मोजतच नाही, हे अर्ध्या लोकांच्या लक्षात नसतं. लायपेज चरबी फोडतं, त्यातून ग्लिसरॉल सुटतं. ग्लिसरॉल कायनेज त्याला फॉस्फेट जोडतं, पुढचं ऑक्सिडेज त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड काढतं आणि पेरॉक्सिडेज त्याचा गुलाबी रंग करतं. रंग मोजला जातो तो ग्लिसरॉलचा. ते चरबीतून आलं की बाहेरून, मशीनला काय कळणार?

एका लॅबमध्ये ट्रायग्लिसराइडचा कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं पडताळणीचं सॅम्पल, मधूनच वर जायचा. कोलेस्टेरॉल, ग्लुकोज सगळं जागच्या जागी. रिएजंटची बाटली बदलली, कॅलिब्रेशन परत केलं, इंजिनिअरला बोलावलं. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. मी नुसती उभी राहून काम बघत बसले. एक प्रशिक्षणार्थी मुलगी पिपेटच्या टिपा बोटांनी उचलून लावत होती, ग्लोव्हज काढून, आणि हात कोरडे पडतात म्हणून थोड्या थोड्या वेळाने ग्लिसरीनचं, म्हणजे ग्लिसरॉलचंच, लोशन चोळत होती. टिपा पिपेटनेच डब्यातून उचलायच्या असा दंडक घातला, कंट्रोल जागेवर आला.

आता आकडेमोड करा. सॅम्पल १० मायक्रोलिटर. आकडा २०० असेल तर त्यात चरबी २० मायक्रोग्रॅम, आणि तिच्यातून सुटणारं ग्लिसरॉल जेमतेम २ मायक्रोग्रॅम. म्हणजे बाहेरून १ मायक्रोग्रॅम आलं तरी आकडा शंभराच्या आसपास वर. ग्लिसरीनयुक्त साबणाने धुऊन नीट न खंगाळलेल्या काचेच्या नळ्यांमुळेही हेच होतं.

शरीरातूनही ग्लिसरॉल जास्त येऊ शकतं. ग्लिसरॉल कायनेजची जन्मजात कमतरता असली की रक्तात ग्लिसरॉल साचतं. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे ती मुख्यतः पुरुषांत सापडते. माणूस ठणठणीत, आकडा पाचशे-सातशे, औषधाने हलत नाही. ओळखायची खूण परत तीच: एवढा आकडा आणि सीरम काचेसारखं स्वच्छ. अशा वेळी ग्लिसरॉल ब्लँक लावून परत मोजा. मोकळं ग्लिसरॉल वजा झालं की खरा आकडा दिसतो.

बाकीच्या, थोडक्यात

उपाशीपोटी म्हणजे ९ ते १२ तास, पाणी चालतं. त्याहून जास्त उपाशी राहून अचूकता वाढत नाही. २०१६ पासून युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या तपासणीला उपाशी न राहता दिलेलं सॅम्पलही मान्य केलंय, तिथे १७५ च्या वरचा आकडा जास्त धरतात. पण सॅम्पल कुठल्या स्थितीत घेतलं ते रिपोर्टवर लिहा. आदल्या रात्री मद्य घेतलं का, हे विचारायला लाजू नका.

दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवू नका, रक्त तिथेच घट्ट होतं. टिपेच्या बाहेर चिकटलेलं सीरम पुसा. रिएजंट गुलाबी झालं असेल तर ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घालता नुसत्या रिएजंटचं वाचन, घेऊन बघा, मर्यादेबाहेर गेला तर सरळ फेका. उरलेलं रिएजंट बाटलीत परत ओतणाऱ्याला मी बाटलीसकट बाहेर काढते. कीटवर दिलेला वेळ रंग पूर्ण यायला लागतो म्हणून दिलेला असतो. रंग तर आला की, असं म्हणत मधेच वाचन घेऊ नका.

सलाईनमधून भरपूर व्हिटॅमिन सी किंवा एन-ॲसिटिलसिस्टीन चालू असेल तर पेरॉक्सिडेजची पायरी बिघडते आणि आकडा खोटा कमी येतो. औषधांची यादी मागा.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, गणिताने काढताना ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून वजा करायचं सूत्र १९७२ चं आहे, आणि ४०० च्या वर ते चालत नाही. तरी सॉफ्टवेअर निर्विकारपणे आकडा छापतं. तो काढून टाका, एलडीएल थेट मोजा.

गेल्या महिन्यात १६०, या महिन्यात १९०, औषध लागू पडत नाही? एकाच माणसाचं ट्रायग्लिसराइड दिवसागणिक साधारण २० टक्के वरखाली होतच असतं. एका आकड्यावर डोस बदलू नका, परत मोजा.

आणि एककं. मिलिमोलमध्ये नेताना कोलेस्टेरॉलला ३८.६७ ने भागतात, ट्रायग्लिसराइडला ८८.५७ ने. दोन्हीला एकच भाजक लावलेले रिपोर्ट मी पाहिलेत, १५० चे चक्क ३.९ झालेले, जे १.७ असायला हवे होते. रिपोर्टवर एककच छापलेलं नसेल तर तो वाचत बसू नका, परत पाठवा.