२१३व्या ओळीवर अडलेलं अपडेट
रात्री पाच हजार ग्राहकांचे मोबाइल नंबर मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये अपडेट करायला टाकले आणि झोपलो. सकाळी पाहतो तर फक्त २१२ बदललेले. पुढचा नंबर आधीच दुसऱ्याच्या नावावर, एकच नंबर दोनदा येऊ न देणाऱ्या युनिक इंडेक्सने अडवला. आणि पायमोंगोचं (पायथनमधून मोंगोडीबी वापरायची लायब्ररी) बल्क राइट, म्हणजे अनेक बदल एकदम पाठवणं, मुळात क्रमाने चालतं, पहिल्याच चुकीला थांबतं. एररही दिसली नाही, कारण एरर पकडणाऱ्या एक्सेप्टमध्ये मीच नुसतं 'पास' (काही करू नको) लिहिलेलं. (दुसऱ्याने लिहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या.)

आता 'ऑर्डर्ड' फॉल्स ठेवतो, म्हणजे एक ओळ अडली तरी बाकीच्या चालू राहतात. बल्क राइट एरर पकडून तिच्या यादीतला इंडेक्स (कितवी ओळ अडली) आणि कोड (का अडली) बघतो. इंडेक्स शून्यापासून असतो, त्यात एकदा फसलोय. ११००० म्हणजे डुप्लिकेट, ती ओळ वेगळ्या फाइलीत. दुसरा कोड आला की एरर तशीच वर जाऊ देतो.

परवा त्या फाइलीत सतरा ओळी निघाल्या. नऊ जणांचा नंबर एकच: सोसायटीच्या वॉचमनचा.