जुन्या आगबोटींचे पेले जमवताना या चुका टाळा

पी. अँड ओ., अँकर लाइन, लॉइड ट्रिएस्टिनो अशा कंपन्यांच्या प्रवासी बोटी वर्षानुवर्षे मुंबईला येत असल्यामुळे त्या काळचे धातूचे पेले आजही चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडतात. त्यांचे मोल बहुतेकदा खरेदीनंतरच्या पहिल्या तासाभरात घटते.

कारण पेला घरी येताच तो चिंचेने किंवा पीतांबरीने लख्ख घासला जातो. यातील बहुसंख्य पेल्यांवर चांदीचा केवळ पातळ मुलामा असतो, आणि घासण्याने तो आधी काठावर, कानावर व कोरीव अक्षरांच्या कडांवर, म्हणजे नेमका ओळख पटवणाऱ्या जागी, उडतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सुती फडके एवढेच पुरेसे आहे. नव्याने मुलामा देण्याचा मोहही आवरावा, कारण त्या चकाकीखाली मूळ शिक्के बुजतात.

दुसरी चूक नावाला भुलण्याची. जेवणघरातल्या भांड्यांवर पुष्कळदा फक्त कंपनीचे नाव किंवा निशाण असे, कारण तीच भांडी एका बोटीवरून दुसरीवर जात. बोटीचे नाव रंगीत मिन्यात असलेला पेला बहुधा बोटीवरच्या दुकानात विकलेली आठवणवस्तू असतो. तीही जपण्याजोगीच आहे, पण तिला बोटीच्या जेवणघरातले भांडे समजून तशी किंमत मोजू नये. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकचे नाव ठळकपणे मिरवणारा पेला बाजारात दिसला, तर तो अलीकडची बनावट आहे असेच धरून चालावे. भिंगाखाली पाहिल्यास ठशाने उठवलेल्या अक्षरांच्या कडा धारदार दिसतात, तर साच्यात ओतलेल्या नकलेत त्या बोथट असतात आणि आसपास बारीक छिद्रे आढळतात. खरी झीज हात आणि टेबल लागते तिथे, म्हणजे कानावर व बुडाच्या कडेला असते. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल, तर तो मुद्दाम चढवलेला असण्याची शंका घ्यावी.

नावावरून काळ ठरवतानाही घाई नको. अँकर लाइनची १९२५ ची कॅलेडोनिया अटलांटिकवर धावत होती आणि मुंबईला येणारी कॅलेडोनिया १९४८ ची होती, त्यामुळे निर्मात्याचा शिक्का व घडणीची शैली पडताळल्याशिवाय साल लिहू नये.

तळाशी चार चौकटींत ई, पी, एन, एस अशी अक्षरे दिसली की ती चांदीची खूण वाटते. प्रत्यक्षात ती इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर, म्हणजे विजेने दिलेल्या मुलाम्याची खूण आहे, आणि आतला धातू तांबे, जस्त व निकेल यांचे मिश्रण, म्हणजे आपले जर्मन सिल्व्हर असते. इंग्लंडमधल्या अस्सल चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा ठसा पाहावा.

मुंबईच्या पावसाळ्यात पेले वर्तमानपत्रात, लोकरीत किंवा रबरबँड लावून ठेवू नयेत, कारण त्यांतील गंधकाने चांदी काळवंडते. धुतलेले सुती कापड आणि सिलिका जेलची पुडी चांगली. जुन्या प्यूटरमध्ये, म्हणजे मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूत, शिसे असू शकते, म्हणून त्यातून काहीही पिऊ नये. शंभर वर्षांहून जुना पेला परदेशी पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी, कारण १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तूंची खासगी निर्यात करता येत नाही.