हार्लेमहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत सायकलने

नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्यांनी उन्हाळ्यातील पहिल्या सफरीसाठी हार्लेम ते झांडफोर्ट हा मार्ग निवडावा. ओव्हरफेनमार्गे झेवेग या रस्त्यालगतच्या सायकलमार्गाने वाळूच्या टेकड्या ओलांडल्या की ब्लूमेंडालचा किनारा लागतो आणि तिथून दक्षिणेला वळून समुद्राच्या कडेने झांडफोर्ट गाठता येते.

निघण्यापूर्वी तापमानापेक्षा वाऱ्याचा अंदाज पाहावा. देश सपाट असल्याने इथला खरा चढ म्हणजे वाराच. तो बहुधा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येत असल्यामुळे जाताना दमछाक होते, परतताना मात्र तो पाठीशी असतो. भाड्याच्या अनेक सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो. पेडल उलटे दाबल्यावर चाक थांबते, म्हणून मोकळ्या जागी थोडा सराव करून घ्यावा. आपल्याकडच्या डाव्या बाजूच्या सवयीमुळे वळणांवर विशेष सावध राहावे, कारण इथे उजवीकडूनच चालवायचे असते. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोके आपल्याकडे असतील, तर समोरून आडव्या जाणाऱ्याला आधी वाट द्यावी. चालवताना मोबाइल हातात धरण्यास २०१९ पासून बंदी आहे.

किनाऱ्यावर सायकल वाळूत न नेता वरच्या स्टँडला साखळीने बांधावी. उत्तर समुद्राचे पाणी ऐन उन्हाळ्यातही गारच असते. जूनमध्ये दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तरीही दिवे सोबत असावेत. फारच थकल्यास झांडफोर्टहून रेल्वेने परतता येते. मात्र सायकलचे वेगळे तिकीट काढावे.